उसने दात

फिलिपिन्समधून दंतवैद्यकाची पदवी घेऊन मी गावी परतले, त्या पहिल्या महिन्यात माझ्यासमोर जेवढी तोंडं उघडली गेली तेवढी तिकडच्या सगळ्या वर्षांत मिळून उघडली नसतील. पोलादपूरहून वर डोंगराकडे निघालं की आमची वाडी लागते. दुकानात साखर आणायला गेलं की दुकानदार आ करायचा. एसटीच्या थांब्यावर उभं राहिलं की शेजारची बाई बोट आत घालून दाखवायची, "ह्यो बघ गो, ह्यो. गार पाणी सोसवत नाय." एका साखरपुड्याला तर वाढणाऱ्या गृहस्थांनी भाताचं पातेलं माझ्या पानापुढे टेकवलं आणि सगळ्या पंगतीदेखत जबडा दाखवला. मी बघायची, मान हलवायची आणि म्हणायची, "मला अजून हात लावायची परवानगी नाही."

हे कुणाला पटत नसे. परदेशातून शिकून आलेल्याला इथे काम सुरू करण्याआधी एक परीक्षा द्यावी लागते, आधी लेखी आणि मग हाताची. लेखीत मी पास झाले होते. हाताच्या परीक्षेत नापास. वर्षभर पुस्तकात डोकं घालून बसले होते, त्यात हात सगळं विसरून गेला. परीक्षेत खराखुरा दात समोर आला आणि माझं यंत्र जिथे थांबायला हवं होतं तिथून थेट आतल्या नसेपर्यंत गेलं. लोक म्हणायचे, "तिकडं पास झालीस नि हितं कशी काय गो नापास?" पहिल्या दोन-तीन जणांना मी नीट समजावून सांगितलं. पुढच्यांच्या अंगावर खेकसले. मला राग लवकर येतो, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला नवल वाटायला नको.

ह्या सगळ्या तोंडांत एक दात खरोखर माझ्यासाठी थांबला होता. तो माझ्या आत्याचा. आई-बाबा नोकरीपायी मुंबईला, आणि मी दहावीपर्यंत वाडीवर आत्याजवळ वाढले. परत आल्यावरही अभ्यासाला तिच्याकडेच राहिले. तिची उजवीकडची खालची दाढ मी परदेशी गेले तेव्हाच किडलेली होती. महाडला जाऊन काढून घे, असं मी फोनवर दर महिन्याला सांगायची. तिचं उत्तर ठरलेलं. "घरात डाक्टर होतेय नि मी दुसऱ्याफुडं तोंड उघडू? तू ये. तूच काढ." दुखायला लागलं की ती दाढेत लवंग धरायची, नाहीतर मशेरी दाबून बसायची. ती मशेरीच तर दातांचा सत्यानाश करते, हे मी तिला सांगून थकले होते. तर मी पास झाल्याशिवाय तो दात निघणार नव्हता. नुसतं माझं करिअर अडलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. पण दाढेला परीक्षेच्या तारखा कळत नाहीत.

महाडच्या बाजारपेठेत एका म्हाताऱ्या दंतवैद्यांचा दवाखाना आहे. भिंतीवर पुराचं पाणी कुठवर आलं त्याची रेघ, तिच्यावर देवाचा फोटो, आणि फोटोखाली डॉक्टर. मी त्यांना सर म्हणते. नापास झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले ती रडतच. त्यांनी रडू दिलं, मग हातात एक दात ठेवला. "वर्षभर हात बंद ठेवलास, तो कसा चालेल? खऱ्या दातावर रोज काम कर. प्लॅस्टिकचे दात घेऊन बसू नकोस, ते सगळेच गुणी असतात." दुपारी ते जेवायला आणि झोपायला घरी जात. तेवढा वेळ यंत्र वापरायला त्यांनी मला परवानगी दिली. सकाळी मी त्यांच्या हाताखाली हत्यारं धुवायची, कापूस द्यायची, पेशंटच्या चपला सरळ ठेवायची. पेशंटच्या दाताला मात्र हात लावायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दात मात्र मिळेनात. सर दिवसाकाठी दोन-तीन दात काढत, पण आमच्याकडची माणसं काढलेला दात मागून घेतात. कागदात गुंडाळून खिशात, नाहीतर ओच्यात. घरी नेऊन कुणी झाडाच्या मुळाशी पुरतं, कुणी कौलाखाली सारून ठेवतं. आपलं हाड परक्याच्या दारात टाकू नये, असं मानतात. एकदा वरच्या वाडीतले एक आजोबा असाच दात मागायला लागले. सुरेख दाढ होती, कीड नव्हती, नुसती हिरडी सैल झाली होती. मला ती हवी होती. मी म्हणाले, "आजोबा, कचऱ्यात जायची वस्तू ती. घरी नेऊन काय पुजणार आहात का?" आजोबांनी शांतपणे कागदाची घडी घातली. "बाय, माज्या तोंडात साठ वर्सं राबलाय तो," म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर सरांनी विचारलं, "तू मागितलास का त्यांच्याकडे?"

"नाही."

"हसलीस मात्र. हवा असेल तर माग. नाही म्हणाले तर गप्प बस. ह्यापलीकडे ह्या धंद्यात दुसरी रीत नाही."

मला ते झोंबलं, कारण मागण्यात मी कच्ची नव्हते. तिकडे शिकताना पेशंट आपले आपण शोधून आणायचे असतात. ठरलेली कामं पुरी केल्याशिवाय पदवी मिळत नाही. मी चर्चबाहेर, मासळीबाजारात, ट्रायसिकल म्हणजे तिकडच्या रिक्षा, त्यांच्या थांब्यावर उभी राहून अनोळखी माणसांना विचारत असे, तुमचा दात दुखतो का हो? एका मासळीवालीने तर तिच्या तीन बहिणी ओळीने आणून माझ्यासमोर बसवल्या होत्या. माझी भाषा मोडकी, हात नवखा, तरी त्या बायांनी आ केला. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तिथे कधी लाज वाटली नाही. इथे मात्र मी डॉक्टरीणबाई होते, आणि नापास झालेल्या डॉक्टरीणबाईने दारोदार दात मागायचे ही कल्पनाच मला सोसेना.

घरी येऊन मी आत्यापुढे चिडचिड केली. ती तांदूळ निवडत होती. "एवढंच ना?" म्हणाली. "मागायला काय लागतंय? मी मागते."

मे महिना होता. मुंबईची माणसं गावाला आलेली, घरोघर लग्नं. मी त्याच सुमारास आई-बाबांकडे पंधरा दिवस गेले. मागे आत्याने काय केलं ते मला नंतर कळलं. ती प्रत्येक हळदीला, प्रत्येक जेवणाला गेली आणि बायकांत बसून म्हणाली, "आमच्या पोरीला हात बसवायला दात पायजेत. कुनाचं ठेवलेलं असतील तर द्या." लोक बिचकले. हाड कसं द्यायचं? तेव्हा तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, काम झालं की ज्याचा दात त्याला घरपोच परत मिळेल. आणि दुसरी, "मी तर जिवंत दात तिच्यासाठी तोंडात ठेवलाय. तुमचा तर पडलेला हाय." ह्या दुसऱ्या बोलण्यावर म्हणे लोकांचं मन वळलं. कुणी कौलाखालचा काढून दिला. पाचाडला आत्याची नणंद खानावळ चालवते, तिने आपली दाढ फडक्यात बांधून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. एका शेतकऱ्याने फणसाखाली पुरलेला दात दोन वर्षांनी खणून काढला. आत्याला लिहितावाचता येत नाही, म्हणून तिने ज्याचा दात त्याच्याच घरच्या कापडाची चिंधी मागून घेतली आणि त्यात तो बांधला. नऊवारीची चिंधी, टॉवेलची, शाळेच्या गणवेशाची. सोळा घरांचे सोळा दात, एकाचीही सरमिसळ नाही.

मी परत आले तेव्हा अंगणात आगोटीची तयारी चालली होती. पावसाळ्याच्या आधी जे जे वर्षभराचं, ते ते वाळवून आत घ्यायचं. मिरच्या, आमसुलं, बोंबील, सुकट. आणि कोपऱ्यात एका सुपात, जाड्या मिठात घोळवलेले, आपापल्या चिंधीवर ओळीने मांडलेले सोळा दात. आत्याचा चेहरा फुललेला. "आठ दिस कडक ऊन दिलंय. आता पावसाळाभर काय होत नाय त्यान्ला."

काढलेला दात ओला ठेवायचा असतो. वाळला की ठिसूळ होतो, यंत्र लावलं की तडकतो. हे मी तिला सांगून गेले नव्हते, कारण ती दात आणून दाखवेल असं मला वाटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी महाडला जाऊन मी त्यातला एक प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवला आणि यंत्र टेकवलं. वरचं कवच टचकन उडालं. दुसराही तसाच. मी तशीच एसटीत बसून घरी आले आणि अंगणातूनच ओरडायला सुरुवात केली.

"मासळी आहे का ती? कुणी सांगितलं होतं मीठ लावायला? विचारायचं तरी! परीक्षा तोंडावर आलीये. आता तुझ्यापायी मी परत नापास होणार, मग बस तू आपली दाढ धरून!"

शेजारच्या ओटीवर माणसं होती, त्यांनी सगळं ऐकलं. आत्या हातातलं सूप खाली ठेवून उभी राहिली. "मना वाटला, वास मारतील," एवढंच म्हणाली. मग उरलेल्या दातांच्या चिंध्या एकेक करून बांधायला लागली. माझ्या आयुष्यात जी थोडी वाक्यं परत घ्यावीशी वाटतात त्यांत ते दाढ धरून बसायचं वाक्य पहिलं आहे. त्या दिवशी मात्र मी ते परत घेतलं नाही. जेवलेही नाही.

सरांना सांगितलं तर ते हसत सुटले. चष्मा काढून डोळे पुसले. "मीठ लावून? वा!" मग म्हणाले, "भिजत घाल. रोज पाणी बदल. पंधरा दिवसांनी सगळे नाही, पण बरेचसे हाती लागतील. आणि तुझ्या आत्याला माझा नमस्कार सांग. मला चाळीस वर्षांत जे जमलं नाही ते त्या बाईने पंधरा दिवसांत जमवलं."

नमस्कार मी सांगितला नाही, तोंड वर करून बोलायची लाज वाटत होती. नुसतं म्हणाले, "भिजत घालायचेत." माझं वाक्य संपायच्या आत आत्याने फळीवरच्या वाट्या खाली काढल्या. प्रत्येक वाटीत एक दात, वाटीखाली त्याची चिंधी. जे दोन मी तडकवले होते तेसुद्धा तिने भिजत घातले, त्यांच्या मालकांना वाईट वाटू नये म्हणून. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती पाणी बदलायची. मी पुस्तक उघडून बसलेली असायची आणि कानावर वाट्यांचा आवाज यायचा. आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. ती घास डाव्या बाजूने चावते आहे, हे मला दिसत होतं.

पंधरा दिवसांनी सोळांतले अकरा दात कामाचे निघाले. पहिला मी गरजेपेक्षा खोल कोरला. दुसऱ्याच्या भिंती वाकड्या झाल्या. सर उठून आल्यावर भिंग लावून बघायचे आणि चहा पिता पिता सांगायचे, "घाई करतेस. रागात आहेस कुणावर तरी." मी म्हणायची, नाही. पाचव्या-सहाव्या दातापासून हातात जीव यायला लागला. फणसाखालच्या दातात मी जी चांदी भरली ती बघून सर काहीच बोलले नाहीत, म्हणजे ते बरं झालं होतं. मग भरलेलं काढून मी परत भरलं, दुसऱ्या बाजूने कापलं, मुळाच्या नळीत सुई घालून बघितलं. एकेका दाताकडून मी चार-चार कामं करून घेतली. समोर पाऊस कोसळत असायचा आणि माझ्या बोटांत पाचाडच्या खानावळवालीची दाढ.

परीक्षेला तीन आठवडे राहिले आणि आत्याचा गाल सुजला. आदल्या दिवशी ती मला न सांगता महाडजवळच्या सव गावी जाऊन गरम पाण्याच्या कुंडावर चुळा भरून आली होती. तिथल्या पाण्याने अंगदुखी जाते, तर दाढदुखी का जाऊ नये, असा तिचा हिशेब. सकाळी उठले तर उजवा गाल डोळ्यापर्यंत वर आलेला, ताप, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. मी तिला तशीच एसटीत बसवून महाडला नेलं. पुस्तकात ह्या सुजेचं पुढे काय होतं ते मी पाठ केलेलं होतं.

सरांनी तपासून पाच दिवसांच्या गोळ्या आणि इंजेक्शनं दिली. "सूज उतरली की लगेच दात काढायचा. राहिला तर परत सुजेल, आणि पुढच्या वेळी गळ्याकडे उतरली तर मुंबईपर्यंत न्यायला तरी वेळ मिळेल का, सांगता येत नाही."

"गोळ्या घेते डाक्टरसाहेब," आत्या सुजल्या तोंडाने म्हणाली. "दात नाय काढायचा. हिची परीक्षा होऊ दे."

पाच दिवसांनी सूज उतरली. मी तिला परत घेऊन गेले. खुर्चीत बसली, आणि सरांनी हातमोजे घातल्याबरोबर तोंड मिटून घेतलं. सर म्हणाले, मी म्हणाले, ऐकेना. शेवटी सर, "बोला तुम्ही दोघी," म्हणून बाहेर जाऊन बसले.

"काय झालंय तुला? दुखत नाही का?"

"दुखतंय."

"मग?"

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "सोळा घरान्ला सांगून आलेय मी, माझा दात माझी भाचीच काढेल म्हनून. त्याच्यावर त्यांनी दिलेत दात. आता मीच दुसऱ्याकडं काढला तर लोक काय म्हनतील? हिचाच भरवसा नाय भाचीवर. मग तुझ्याकडं कोन येईल गो?"

म्हणजे हा हट्ट नव्हता. ही बाई गेली इतकी वर्षं ठणकती दाढ तोंडात धरून माझा दवाखाना चालवत होती. आणि मी तिला अंगणात, माणसांदेखत, मासळी आहे का ती म्हणून ओरडले होते. मी खुर्चीजवळ खाली बसले. मला रडू आलं आणि ह्या वेळी आवरलंही नाही.

"आत्या, त्या दिवशी मी चुकले," मी म्हणाले. "तू वाळवलेस ते दात माझ्या कामाला आले. माझा हात त्यांच्यावरच बसलाय. पण तुला काही झालं तर परीक्षेत माझा हात चालायचा नाही. मी तुझ्याकडे मागते आहे. माझ्यासाठी तोंड उघड. लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन, घरोघर जाऊन सांगेन."

तिने पदराने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, जरा जोरात. मग दाराकडे बघून हाक मारली, "या डाक्टरसाहेब."

सरांनी सुई दिली, पक्कड लावली. मी तिचं डोकं धरून उभी होते, दाताला हात न लावता. दाढ दोन तुकड्यांत आली. आत्याने माझं मनगट असं आवळलं की चार दिवस निळं होतं. सरांनी विचारायच्या आधीच तिने कापूस धरलेल्या तोंडाने खूण केली की ते तुकडे हिला द्या. दाढ आत सगळी पोखरलेली, परीक्षेच्या कामाला अजिबात उपयोगाची नव्हती. तसं मी तिला सांगितलं नाही. त्याच दिवशी ते तुकडे मी पाण्याच्या वाटीत घातले, आणि वाटीखाली तिच्या लुगड्याची चिंधी ठेवली.

पुढचे दोन दिवस मी पुस्तकं मिटली आणि सोळा घरं केली. छत्री घेऊन, चिखलातून, वरची वाडी, खालची वाडी. प्रत्येक दारात तेच सांगितलं. आत्याचा दात सरांनी काढला, मी काढायला सांगितला, मला अजून परवानगी नाही, आणि थांबणं बरं नव्हतं. कुणीही ते बोललं नाही ज्याची आत्याला धास्ती होती. "बरा केलास, लय सोसला तिनं," असंच सगळे म्हणाले. आणि जवळजवळ प्रत्येकाने विचारलं, "आमच्या दाताचं कसं चाललंय?" जणू पोरगं शहरात शिकायला ठेवलंय. जे दात तडकले त्यांच्या मालकांनाही मी खरं ते सांगितलं. एक बाई म्हणाली, "असूं दे. तोंडात व्हता तवा पन त्यानं कंदी काम नाय केला."

परीक्षा एका मोठ्या शहरात, मोठ्या हॉलमध्ये झाली. समोर दात ठेवला गेला. कुणाचा होता कोण जाणे. मी मनात त्याच्या मालकाला नमस्कार केला आणि कामाला लागले. हात थांबायचा तिथे थांबला. निकाल लागला तेव्हा मी सरांच्या दवाखान्यात हत्यारं धूत होते. सरांनी स्वतः जाऊन पेढे आणले आणि खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटलाच पहिला दिला. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "आता दात परत द्यायला लागतील."

ते आम्ही दोघींनी मिळून दिले. प्रत्येकाच्या चिंधीत त्याचा दात, आणि मी त्यात काय काय केलं ते समजावून सांगायचं. फणसवाल्या शेतकऱ्याने आपला दात उन्हात धरला. आतली चांदी चमकत होती. "काय झकास बुजवलाय," म्हणाला. मग म्हणाला, "तोंडात व्हता तवा कुनी केला नाय असा." मी म्हणाले, पोलादपुरात दवाखाना टाकते आहे, बाकीचे दाखवायला या. तो आलाही, पहिल्याच आठवड्यात.

दवाखाना म्हणजे एसटी स्टँडमागची एक खोली. सरांनी त्यांची जुनी खुर्ची मला दिली, पाटी बाबांनी मुंबईहून रंगवून आणली. मांडामांड करायला मी आदल्या रात्री तिथेच राहिले होते; पहिल्या सकाळी दार उघडलं तर आत्या पायरीवर बसलेली. पहिल्या गाडीने आली होती, चांगलं लुगडं नेसून. माझ्या आधी आत गेली आणि खुर्चीत बसली.

"कुठला दुखतोय?" मी विचारलं.

"कुठलाच नाय."

"मग काय करू?"

"मना काय ठावं? डाक्टर तू हायस."

तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं, एवढं मोठं की मला हसू यावं. मी दिवा ओढला, आरसा हातात घेतला आणि शिकवल्याप्रमाणे वरच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. दात झिजलेले, मशेरीने काळे पडलेले, पण मुळात घट्ट. एकेकावर आरसा टेकवत मी मोजत गेले. सगळे मिळून चौदा भरले. तिलाही ऐकू जावं म्हणून मी ते पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने मोजले.